'नंतर' लिहिलेलं बटण

चप्पल निघेना

"आवं, चप्पल भाईर काढून या की," हौसा आतून ओरडली.

मी काढतच होतो. डावी निघाली, उजवी निघेना. झटकली, भिंतीला घासली, तरी निघेना. बाजारातून उन्हातान्हाचा आलो होतो, डोकं तापलेलंच होतं. म्हटलं, "हिला काय डिंक लागलाय काय?" हौसा बाहेर आली, खाली बसली, माझा पाय हातात घेऊन तिनं खालून बघितलं. बाभळीचा काटा चपलेच्या तळातून वर येऊन सरळ पायात घुसला होता. खिळ्यानं पाटी ठोकावी तशी चप्पल माझ्या पायाला ठोकलेली होती. त्या काट्यावर मी दिवसभर बाजार फिरलो होतो आणि मला काहीच कळलं नव्हतं.

मी आटपाडीचा. जनावरांची दलाली करतो, आमच्याकडे हेडी म्हणतात. सातवीनंतर शाळा सुटली. दुसऱ्यांच्या बैलांचे कासरे धरून बाजारात उभा राहायचो, तिथूनच धंदा शिकलो. कुणी शिकवला नाही आणि कुणी पाठीशी उभं राहिलं नाही. खिलार खोंडाच्या पाठीवरून हात फिरवला की त्याचं कुठं दुखतंय ते मी सांगायचो. त्या माणसाला स्वतःच्या पायातला काटा कळला नाही. साखर होती, गोळी चालू होती. मुंग्या यायच्या, पण मुंग्यांना कोण विचारतो?

हे मी माझ्यासारख्यांसाठी लिहितोय. ज्यांना साखर आहे, वय झालंय, आणि ज्यांच्या हातात पोरांनी मोबाईल देऊन "आता काळजी करायची नाही" असं सांगितलंय, त्यांच्यासाठी. काळजी करा. मी केली नाही.

टॉवेलाखालची बोटं

सांगलीला विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई तरुण, पण बोलायला नेमक्या. त्यांनी माझ्या पायांवर चादर टाकली. "डोळे मिटा, तात्या. मी तुमच्या पायाचं कुठलं बोट धरलंय?"

मला हसू आलं. आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर टॉवेल टाकतात आणि आत एकमेकांची बोटं धरतात. कुठलं बोट धरलं, किती धरली, त्यावरून भाव समजतो. बाजूला उभं राहिलेल्याला काही पत्ता लागत नाही. माझा सारा जन्म टॉवेलाखाली बोटं ओळखण्यात गेला होता. म्हटलं, बाई, चुकीच्या माणसाला विचारलंत.

"अंगठा," मी म्हणालो.

"आणि आता?"

"मधलं."

मी डोळे उघडले. त्यांचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते. त्यांनी काहीच धरलेलं नव्हतं.

तोवर पाय दुखत नाही म्हणून तो बरा आहे असं मी समजत होतो. दुखत नाही हाच तर आजार होता. बाई म्हणाल्या, "पाय वाचवायचा प्रयत्न करू. पण तुमचा पाय आता तुम्हाला काही सांगणार नाही. रोज बघावा लागेल."

जखम साफ केली, पट्ट्या सुरू झाल्या. सकाळी रक्त, मग पट्टी, मग बेचव पेज, दुपारी पुन्हा सुई. शेजारच्या खाटेवर साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार होते. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. पहिल्या दिवशी माझी पट्टी बघून म्हणाले, "उजवा काय तुमचा? लय झ्याक. तुमचा गेला तर एका जोडात दोघांचं भागंल बघा. उजवा बूट मला, डावा तुमाला."

मी चिडलो. मग हसलो. त्या वॉर्डात हसलो तो तेवढाच.

शुभ सकाळ

पाय त्या वेळी वाचला. सगळी बोटं शाबूत घेऊन घरी निघालो. निघताना दवाखान्यानं सुनीलच्या, म्हणजे माझ्या पोराच्या, मोबाईलवर काहीतरी दाखवलं. सुनील कराडजवळ मलकापूरला असतो, टायरचं दुकान आहे. त्यानं मला नवा मोबाईल घेऊन दिला आणि त्यात दवाखान्याचं अ‍ॅप घातलं.

"तात्या, रोज साखर भरायची, पायाच्या तळव्याचा फोटो काढायचा, चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. बस्स. डॉक्टर तिकडनं बघतील, मी इकडनं बघीन."

"आणि पाय कोण बघंल?"

"आता अ‍ॅप हाय की."

मला घरी सोडून तो त्याच गाडीनं परत गेला. त्याला वाटलं, बापाची सोय लावली.

रोज सकाळी त्या पडद्यावर हसरा सूर्य यायचा आणि खाली "शुभ सकाळ". ते तेवढं मोठ्या अक्षरात. बाकी सगळं मुंगीएवढं. कासरे ओढून ओढून माझ्या बोटांना घट्टे पडलेत, कातडं वाळलेलं. त्या काचेला माझं बोट बोटच वाटायचं नाही. एकदा दाबलं तर काही नाही, दोनदा दाबलं तर काही नाही, आणि चिडून जोरात दाबलं की भलतंच काहीतरी उघडायचं. साखरेचा आकडा भरायला एक पट्टी सरकवावी लागायची. ती पट्टी माझ्या बोटाखाली वासरासारखी पळायची. आकडा कधी पुढं जायचा, कधी मागं.

"पान्यात बोट बुडवा," हौसा म्हणायची. "भाकरीगत थापू नका त्येला, हळू टेकवा."

तळव्याचा फोटो हा तर जुलूमच. ज्याचा गुडघा वाकत नाही, त्यानं स्वतःच्या तळव्याचा फोटो कसा काढायचा? मोबाईल जमिनीवर ठेवून वर पाय धरायचो, तर पत्र्याचा फोटो निघायचा. हौसाला मोबाईल दिला की ती घाबरून भलतीकडंच धरायची. एकदा सुनीलचा फोन आला.

"तात्या, शेळीचा फोटो आलाय."

"मग तिचं पाय बरं हायत का बघ की."

"चेष्टा करू नका. तळव्याचा पायजे."

"मग ये आन् काढ."

तो आला नाही. दुकान होतं, पोरांच्या शाळा होत्या. मी समजून घेतलं नाही, आणि त्यानंही नाही.

चार प्रश्नांत पहिला प्रश्न होता, "पाय दुखतो का?" मी खरं तेच सांगायचो. नाही. की लगेच हिरवी खूण आणि हसरा चेहरा. ज्या माणसाला पायात काटा गेलेला कळत नाही, त्याला पाय दुखतो का म्हणून विचारत होते. मला त्यात काही गैर वाटलं नाही. रोज सकाळी कुणीतरी "छान" म्हणतंय, बरं वाटायचं.

लाल खूण

एक दिवस मोजा काढताना हाताला ओला लागला. अ‍ॅपमध्ये तो प्रश्न होता, पट्टी किंवा मोजा ओला होतो का. मी होय दाबलं. साखरही चढलेली होती. पडदा एकदम लाल झाला. "तातडीनं रुग्णालयात या." खाली दोन बटणं. एकावर "येतो", दुसऱ्यावर "नंतर".

आता मी काय केलं ते नीट सांगतो, कारण हे आमच्या धंद्यातला माणूसच करील.

टॉवेलाखाली पहिली हाक कधी घ्यायची नसते. समोरच्यानं पहिला भाव धरला की आपण हात काढून घ्यायचा आणि पाठ करून चालायला लागायचं. ज्याला जनावर पाहिजे तो मागून हाक मारतोच. दुसरी हाक खरी. तिसरी अजून खरी. मी जन्मभर पाठ करून चाललो आणि जन्मभर मला मागून हाका आल्या. त्यावर घर बांधलं, पोराला दुकान घालून दिलं.

लाल खूण बघून मला वाटलं, ही पहिली हाक. दवाखान्याला खाट भरायची आहे, म्हणून चढ्या भावानं सुरुवात केली आहे. खरंच निकड असेल तर पुन्हा बोलावतील. फोन करतील. मी "नंतर" दाबलं. मोबाईल खाली ठेवला आणि मागून हाक यायची वाट बघत बसलो.

हाक आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच हसरा सूर्य. शुभ सकाळ. पाय दुखतो का? नाही. छान. मोज्याचा प्रश्न आला, पण बोट हललं आणि दुसरंच काही दाबलं गेलं. परत मागं जाता येईना. हिरवी खूण.

मी हौसाला म्हटलं, "बघितलंस? काल लाल हुतं, आज हिरवं. भाव उतरला."

ती म्हणाली, "मला त्यातलं कळत न्हाई. पर घरात वास येतोय."

"गोठ्याचा आसंल."

"गोठा मी झाडते. गोठ्याचा वास मला कळतोय."

मी तिच्यावर खेकसलो. तिनं पुन्हा विषय काढला नाही. पण एका सकाळी मी ओसरीवर बसलो होतो आणि तिनं बघितलं की शेजारी शेळी बसलेली असूनही सगळ्या माश्या माझ्या पायावर बसल्यात. तिनं न विचारता पट्टी सोडली. मग ती रस्त्यावर जाऊन मिळेल त्या गाडीला हात करू लागली.

नकार

डॉक्टरबाईंनी पाय बघितला आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "तात्या, लाल सूचना गेली होती. तुम्ही का नाही आलात?"

"तुमी परत बोलावलं न्हाई."

त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला. माझ्या नावापुढं लिहिलं होतं, रुग्णाने येण्यास नकार दिला.

मी नकार दिला नव्हता. मी हात काढून घेतला होता. ह्या दोन्हीत किती अंतर आहे ते बाजारातल्या कुणालाही विचारा. पण त्या यंत्रात "येतो" आणि नकार यांच्यामध्ये काही नव्हतं. बटणावर "नंतर" लिहायचं आणि मागं "नकार" वाचायचं, ह्याला आमच्याकडं फसवणूक म्हणतात. हा राग माझ्या मनात आजही आहे आणि तो जावा अशी माझी इच्छा नाही.

दोन बोटं काढली. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

सुनील आला तो ऑपरेशन झाल्यावर. दवाखान्याच्या जिन्यापाशी आमची जुंपली. मी चाकाच्या खुर्चीत, तो उभा.

"तात्या, 'नंतर' तुमीच दाबलं न्हवं?"

"आन् तू काय बघत हुतास? तुला पण दिसतंय म्हनालास."

"मी बघितलं तवा हिरवं दिसत हुतं!"

"हिरवं बघितलंस. पाय कवा बघितलास?"

"दुकान टाकून किती येळा येऊ मी? म्हणून तर ते घालून दिलं!"

"मग त्येलाच बाप म्हण."

लोक बघत होते. हौसा पदर तोंडाला लावून भिंतीकडं तोंड करून उभी. सुनील जिना उतरून गेला. त्यानंतर बरेच दिवस तो हौसाच्या फोनवर बोलायचा आणि मी शेजारी बसून ऐकू येत नाही असं दाखवायचो.

दुपारी वॉर्ड झोपला की भीती यायची. भीती मरणाची नव्हती. बाजार म्हणजे चालणं. पाठ करून चालता आलं नाही तर भाव कसा करायचा? खुर्चीत बसलेल्या माणसाबद्दल सगळ्यांना माहीत असतं की हा कुठं जाणार नाही. त्याला मागून कोण हाक मारील? पाय गेला तर माझ्याकडं घासाघीस करायला काहीच उरत नव्हतं. पंख्याकडं बघत मी हेच घोकायचो. सुभेदारांची खाट तेव्हा रिकामी होती. ते घरी गेले होते की आणखी कुठं, मी विचारलं नाही.

सौदा

सुटी मिळायच्या दिवशी मी हटून बसलो. "ते अ‍ॅप कुनी केलं त्येला बोलवा, न्हाईतर मी खाट सोडत न्हाई." परिचारिकेला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. जेवणाचं ताट परत पाठवलं तेव्हा मीनल नावाची मुलगी आली. दवाखान्याच्या संगणकाचं काम तिच्याकडं होतं. मी खांद्यावरचा टॉवेल काढून दोघांच्या मध्ये ठेवला.

"हे काय?" तिनं विचारलं.

"सौदा करायचाय. तू लेकीसारखी हाईस, बोटं धरत न्हाई. तोंडानंच बोल."

ती हसली, पण बसली. मी आधी तिला खूप बोललो. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. ती उठून गेली नाही, हे मी विसरणार नाही. मग म्हणाली, "आता सांगा, काय बदलू?"

"अक्षर मोठं कर. साखरंचा आकडा सरकवायचा न्हाई, आकडं छापलेली मोठी बटणं दे. चुकून दाबलं तर परत फिरता आलं पायजे."

"करते."

"आमाला आमचा तळवा दिसत न्हाई. फोटो घरातल्या मानसाला काढाया सांग. कसा धरायचा ते चित्र काढून दाव."

"करते."

"पाय दुखतो का म्हनून इचारू नको. मेलेल्या पायाला काय इचारतीस? वास येतो का इच्यार. माशा बसत्यात का इच्यार. आन् मला न्हाई, माझ्या बायकूला इच्यार."

ती लिहीत होती, ती थांबली. "हे आमच्या कुणाच्या डोक्यात नाही आलं, तात्या."

"'नंतर' काढून टाक."

"ते अवघड आहे. माणसाला खरंच जमत नसेल तर काहीतरी बटण लागतं."

"मग 'नंतर' दाबणाऱ्याला कुनीतरी जित्या मानसानं फोन कराया पायजे. मागनं हाक मारा. येवढंच."

तिनं पेन खाली ठेवलं. "तेवढा माणूस नाही हो आमच्याकडं. मी विचारते वरती. पण शब्द देत नाही."

"मग सौदा मोडला," मी म्हटलं आणि टॉवेल खांद्यावर टाकला. सवयीनं. पण उठून चालता येईना. खुर्ची ढकलायला हौसा यायची होती. तोवर मीनल आणि मी एकमेकांसमोर तसेच बसून राहिलो.

काही महिन्यांत अ‍ॅप बदललं. अक्षरं मोठी झाली. आकडे थाळीएवढे. हौसाचं वेगळं बटण आलं, त्यावर बांगडीवाला हात काढलेला. वासाचा प्रश्न आला, माश्यांचाही आला. हौसा रोज माझा पाय मांडीवर घेऊन फोटो काढायची आणि म्हणायची, "हसा की जरा." फोनचं मात्र काही झालं नाही. "नंतर" होतं तिथंच होतं.

दुसरी लाल खूण

हौसानंच बघितलं. उरलेल्या तीन बोटांच्या बुडाशी काळसर कड. तिनं फोटो काढला, तिच्या बटणावर दाबलं, आणि पडदा लाल झाला. "येतो." "नंतर."

माझं बोट वर गेलं. खोटं कशाला सांगू, ते "नंतर"कडंच गेलं. हौसानं माझं मनगट धरलं. मी "येतो" दाबलं. पडद्यावर आलं, "धन्यवाद. आपली नोंद झाली आहे." तेवढंच. आम्ही त्याच कपड्यांत निघालो.

वाटेत हौसानं सुनीलला कळवलं. सांगलीत पोचलो तर तो मलकापूरहून आमच्या आधी येऊन दारात उभा. गाडीत वाकला, पट्टी सोडली आणि माझा पाय दोन्ही हातांत धरून बघितला. त्यानं पाय बघितल्याचं मला आठवतं ते हे पहिल्यांदा. मग पट्टी परत बांधायला त्याला जमेना, ती हौसानं बांधली.

डॉक्टरबाईंनी पुन्हा चादर टाकली. "कुठलं बोट?"

मी ह्या वेळी अंदाज केला नाही. "न्हाई कळत, बाई."

त्या खाटेच्या कडेला बसल्या. "तात्या, स्पष्ट सांगते. आज काढलं तर अर्धं पाऊल जाईल. टाच राहील, बूट करून घेऊन चालता येईल. थांबलो तर गुडघ्यापर्यंत चढेल. मग माझ्या हातात काही नाही."

सुनील म्हणाला, "आणखी एकदा दुसरीकडं दाखवून..." तो माझाच पोरगा. पहिली हाक त्यालाही घ्यायची नव्हती.

मी बाईंकडं बघितलं. जन्मभरात समोरच्यानं पहिला भाव धरल्यावर मी हात कधी तसाच ठेवला नव्हता. अर्धं पाऊल. टाच राहील. माझ्याकडं द्यायला दुसरं काही नव्हतं आणि मागून हाक येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता.

"घ्या," मी म्हणालो.

हौसा तोंड फिरवून रडायला लागली. सुनीलनं माझ्या पायाजवळची चादर मुठीत धरली आणि सोडलीच नाही. शेवटी वॉर्डबॉयनं त्याचा हात बाजूला केला.

हाक

हे मी वॉर्डातूनच लिहितोय. अर्धं पाऊल गेलं. टाच आहे. जखम भरते की नाही ते अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही. रोज पट्टी सोडताना मी बाईंच्या तोंडाकडं बघतो, पायाकडं बघायचा धीर होत नाही. चालेन का, माहीत नाही. बाजारात पुन्हा उभा राहीन का, ते तर नाहीच माहीत. सुनील उशाशी बसतो, मोसंबी सोलतो, आम्ही फार बोलत नाही.

ऑपरेशननंतर, डोकं जरा ठिकाणावर आलं त्या दुपारी, मोबाईल वाजला. अनोळखी नंबर.

"तात्या? मी मीनल. दवाखान्यातून. तुमची लाल खूण आली होती. आजपासून लाल खुणा आलेल्यांना आम्ही स्वतः फोन करतोय. तुमचं नाव यादीत वर होतं. तुम्ही निघालात का? उशीर करू नका, 'नंतर' दाबलं असेल तरी या."

मी सुनीलकडं बघितलं. ती पलीकडून "हॅलो, तात्या, ऐकू येतंय का?" म्हणत राहिली. सुनीलनं मोबाईल घ्यायला हात पुढं केला, मी त्याला दिला नाही.

"आलोय, पोरी," मी म्हटलं. "तुझ्या डोक्यावरच हाय, वरच्या मजल्यावर. कापून झालं."

तिच्या मागं दुसरा फोन वाजत होता, तो मला ऐकू येत होता.

"माझ्यासंगं बोलत बसू नको," मी म्हटलं. "यादीत माझ्याखाली कोन हाय? त्येला लाव. आन् न्हाई म्हनाला तर परत लाव."